हेवी मेटलच्या जन्मात प्रोग्रेसिव्ह रॉकचा वाटा किती?

एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. किंग क्रिम्सन या प्रोग्रेसिव्ह रॉक (थोडक्यात ‘प्रोग’, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचे रॉक) बँडचा पहिला अल्बम 10 ऑक्टोबर 1969 रोजी आला आणि हेवी मेटलचा आरंभ ज्यांच्यापासून धरतात त्या ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम त्यानंतर चार महिन्यांनी, 13 फेब्रुवारी 1970 रोजी. क्रिम्सनच्या अल्बममधले पहिलेच गाणे, ‘ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’, आजच्या कानांना सरळसरळ मेटल वाटते. मग हेवी मेटल हे प्रोग्रेसिव्ह रॉकचेच अपत्य आहे असे म्हणायला काय हरकत आहे? त्यांचा मित्र मात्र ठासून सांगतो की मेटल म्हणजे मोठ्या आवाजात वाजवलेला ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे लोकसंगीत), आणि प्रोगचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. या दोघांपैकी बरोबर कोण, असे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी पुण्यात इलेक्ट्रिक गिटार शिकवतो आणि त्याआधी बरीच वर्षे बँडमध्ये वाजवत होतो. ही गाणी मी नुसती ऐकलेली नाहीत, हातांनी उलगडलेली आहेत. कोणता स्वर कोणत्या तारेवर आहे, ड्रमचा ठोका कुठे मागे रेलतो, गाणे नेमके कोणत्या जागी वळण घेते, हे विद्यार्थ्याला दाखवायचे तर आधी आपल्याला ते पक्के ठाऊक असावे लागते, आणि माझे उत्तर त्याच कामातून आलेले आहे. त्यावरून मला वाटते की या वादात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. पहिला असा, की मेटलची सुरुवात कुठे धरायची: 1970 साली सॅबथच्या बर्मिंगहॅममध्ये, की त्या दशकाच्या उत्तरार्धात, जेव्हा या संगीताने ब्लूजची उरलीसुरली कात टाकली तेव्हा? दुसरा असा, की कशाला प्रभाव मानायचे: स्वर उचलण्याला, गाण्याची बांधणी घेण्याला, की काम करण्याची रीत शिकण्याला? या दोन प्रश्नांची उत्तरे आपण जशी देऊ तसा निकाल बदलतो, हे मी सुरुवातीलाच मान्य करतो. पण म्हणून सगळेच सापेक्ष आहे असे मात्र मुळीच नाही. माझे मत असे आहे की 1970 च्या आसपास प्रोग आणि मेटल ही एकाच घरात वाढलेली भावंडे होती, त्यांत आईबाप आणि लेकरू असे नाते नव्हते. प्रोगचा खरा, स्वरांत आणि बांधणीत दाखवून देता येणारा प्रभाव मेटलवर पडला तो पुढच्या दहा-पंधरा वर्षांत.

आधी तारखांचे पाहू, कारण वाचकाच्या युक्तिवादाचा सगळा भार तारखांवर आहे. अल्बम बाजारात येण्याची तारीख आणि संगीत तयार होण्याची तारीख यांत अंतर असते. ब्लॅक सॅबथने आपला पहिला अल्बम लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत ऑक्टोबर 1969 मध्येच, म्हणजे क्रिम्सनचा अल्बम दुकानांत आला त्याच महिन्यात, जवळजवळ एका दिवसात ध्वनिमुद्रित केला होता. एका दिवसात अल्बम होतो तो त्यातली गाणी कार्यक्रमांतून वाजवून वाजवून पक्की झालेली असतात म्हणून. शिवाय ‘ब्लॅक सॅबथ’ हे गाणे तर बँडच्या नावापेक्षाही जुने आहे. आधी ‘अर्थ’ या नावाने वाजवणाऱ्या या मंडळींनी 1969 च्या उन्हाळ्यात त्या गाण्यावरूनच स्वतःचे नाव बदलले. तेव्हा क्रिम्सनची रेकॉर्ड ऐकून सॅबथने ते गाणे बांधले, ही शक्यता उरत नाही. क्रिम्सन जुलै 1969 मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या आधी वाजले होते आणि त्यांची कीर्ती झपाट्याने पसरत होती, हे खरे आहे. पण कीर्ती कानावर येणे आणि त्यातून रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, सुचणे यांत पुष्कळ अंतर आहे.

इथे आपल्याकडच्या श्रोत्यांसाठी एक सावधगिरी सांगतो. मुंबई-पुण्यात माझ्या पिढीने हे संगीत कॅसेटींवर ऐकले, आणि त्या कॅसेटी ज्या क्रमाने हाती आल्या त्या क्रमाने ऐकले. कुणाकडून तरी मिळालेल्या एकाच कॅसेटवर जेथ्रो टल, डीप पर्पल आणि आयर्न मेडन शेजारी शेजारी नांदत असत. आज फोनवर ऐकणाऱ्यांचीही तीच गत आहे, फक्त क्रम ठरवणारा वेगळा आहे. त्यामुळे ‘हे ऐकताना त्याची आठवण येते’ ही आपली अनुभूती खरी असली तरी तो इतिहासाचा पुरावा होत नाही. पुरावा हवा असेल तर स्वरांपाशी जावे लागते.

म्हणून ‘ब्लॅक सॅबथ’चा रिफ जवळून पाहू. गिटारवरचा जी हा स्वर आपण षड्ज मानला तर या रिफमध्ये तीनच स्वर आहेत: खालचा सा, त्याच्या वरच्या सप्तकातला सा, आणि मग मधोमध तीव्र मध्यम, ज्यावर टोनी आयोमी तीव्र मध्यम आणि पंचम यांच्यामध्ये बोट थरथरवतात. बस्स, इतकेच. विद्यार्थी पहिल्याच तासात हे स्वर काढतो. ती संथ लय आणि दोन स्वरांमधली रिकामी जागा सांभाळायला मात्र त्याला कित्येक आठवडे लागतात. आता हा रिफ डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाडून आणलेली खरखर, काढून साध्या गिटारवर, किंवा पेटीवरही वाजवून पाहा. ब्लूजची खूण असलेला कोमल गंधार त्यात कुठेही नाही. त्याच अल्बममधल्या ‘वॉर्निंग’मध्ये ब्लूज ठासून भरलेला आहे, पण या तीन स्वरांत तो नाही. म्हणजे ‘मेटल म्हणजे मोठ्या आवाजातला ब्लूज’ हे त्या मित्राचे सूत्र याच ठिकाणी अपुरे पडते.

मग हा तीव्र मध्यम आला कुठून? बास वाजवणारे गीझर बटलर यांनी मुलाखतींतून सांगितले आहे की ते त्या काळात गुस्ताव होल्स्ट यांच्या ‘द प्लॅनेट्स’ या वाद्यवृंदरचनेतला ‘मार्स’ हा भाग ऐकत आणि बासवर काढत होते, आणि त्याच सुमारास आयोमी यांना हा रिफ सुचला. होल्स्ट यांनी ‘मार्स’ 1914 मध्ये लिहिला. त्याच्या आरंभी तंतुवाद्ये, हार्प आणि टिंपनी हे नगारे एकाच जी स्वरावर पाच मात्रांचा ठेका धरून असतात आणि त्यावर सा, पंचम, तीव्र मध्यम अशी सुरावट उगवते. सॅबथच्या रिफमध्ये पंचमाच्या जागी वरचा सा आला, इतकाच फरक. गंमत अशी, की 1969 मध्ये किंग क्रिम्सनसुद्धा आपल्या कार्यक्रमांत हाच ‘मार्स’ वाजवत होते, आणि पुढच्या वर्षी त्यांच्या दुसऱ्या अल्बममध्ये तो ‘द डेव्हिल्स ट्रँगल’ या नावाने, रूप पालटून आला.

हा योगायोग मला फार बोलका वाटतो. एकाच इंग्रज संगीतकाराची एकच रचना दोन्ही बँडनी एकाच वर्षी हाती घेतली. क्रिम्सनने तिचा पाच मात्रांचा ठेका घेतला, मेलोट्रॉनचे, म्हणजे टेपवर मुद्रित केलेले सूर वाजवणाऱ्या कीबोर्डचे, भरगच्च थर घेतले आणि हळूहळू चढत जाणारा गदारोळ घेतला. सॅबथने ठेका सोडून दिला, वाद्यवृंद सोडून दिला आणि एक स्वरसंबंध तेवढा उचलला. दोघांचा उगम एक, पण एकाने दुसऱ्याकडून काही घेतल्याची खूण नाही. भावंडांचे नाते मी म्हणतो ते याच अर्थाने. दोघांच्याही पाठीमागे 1967 चे सायकेडेलिक रॉक होते, क्रीम आणि हेंड्रिक्स होते, सिंगलपेक्षा एलपीला मान देणारा नवा श्रोता होता, आणि युरोपीय अभिजात संगीत शाळेत आणि रेडिओवर कानांवर पडलेले बालपण होते.

आता मेटलच्या आवाजाविषयी. मेटलला मेटल बनवणारी गोष्ट रिफच्या स्वरांइतकीच त्याच्या ध्वनीत आहे, आणि त्या ध्वनीच्या उगमात प्रोगचा हात नाही, असे मी ठामपणे सांगतो. आयोमी सतरा वर्षांचे असताना बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके यंत्रात सापडून तुटली. ते डावखुरे असल्यामुळे तारा दाबणारा हात तोच. त्यांनी प्लास्टिकची बाटली वितळवून त्या बोटांसाठी टोप्या बनवल्या, हलक्या तारा लावल्या, आणि 1971 च्या तिसऱ्या अल्बमपासून काही गाण्यांत तारा दीड स्वर उतरवल्या. सैल तारेला कमी जोर लागतो, आणि आवाजही आपोआप खोल होतो. या निर्णयांची कारणे शरीराची आणि साधनांची आहेत.

पॉवर कॉर्डचे, म्हणजे फक्त सा आणि पंचम यांच्या जोडाचेही तसेच आहे. ही गोष्ट मी प्रत्येक विद्यार्थ्याला करून दाखवतो, कारण ती समजली की मेटलची निम्मी रचना समजते. ॲम्प्लिफायर मर्यादेपलीकडे ढकलला की एकत्र वाजणाऱ्या दोन स्वरांच्या कंपनसंख्यांतल्या फरकाचा एक तिसरा स्वर त्यात निर्माण होतो. सा आणि पंचम यांचे प्रमाण दोनास तीन असते, त्यामुळे त्यांच्या फरकातून उमटणारा स्वर नेमका एक सप्तक खालचा सा असतो. म्हणून दोनच तारांवर वाजवलेला सा-प हा जोड प्रत्यक्षात आहे त्याहून प्रचंड भासतो. त्यात गंधार मिसळला की फरकांचे नको ते स्वर उमटतात, आणि गिटारच्या पडद्यांवरचा गंधार मुळातच किंचित चढा असल्यामुळे सगळा आवाज गढूळ होतो. म्हणून डिस्टॉर्शन जितके जास्त तितका गंधार गळत जातो. आणि कॉर्डमध्ये गंधारच उरला नाही, तर गाण्याचा भाव कॉर्डकडून मिळत नाही. तो रिफच्या चालीतून, म्हणजे कोमल रिषभातून आणि तीव्र मध्यमातून निर्माण करावा लागतो. मेटल इतके रिफप्रधान का, याचे मला पटलेले सर्वात सरळ उत्तर हे आहे. प्रोगची वाट याच ठिकाणी वेगळी होते. त्या मंडळींना बदलत जाणारी समृद्ध स्वरसंगती हवी होती, ती त्यांनी ऑर्गन, पियानो आणि मेलोट्रॉनवर मांडली, आणि त्यासाठी गिटारचा ध्वनी बराच स्वच्छ ठेवला.

मग ‘स्किझॉइड मॅन’चे काय? वाचकाला ते मेटल वाटते, आणि का वाटते हे मला पूर्ण समजते: गिटार आणि सॅक्सोफोन मिळून वाजवतात तो जड, आक्रमक मुख्य रिफ, आणि ग्रेग लेक यांचा मुद्दाम फाडून टाकलेला आवाज. पण ते गाणे पूर्ण ऐका. पहिल्या दोन कडव्यांनंतर सगळा बँड एका वेगवान मधल्या भागात शिरतो, जिथे मायकेल जाइल्स यांचे ड्रम जॅझच्या हलकेपणाने धावतात, आणि पुढे गिटार, सॅक्सोफोन, बास आणि ड्रम एकाच ओळीचे तुकडे एकदम वाजवून एकदम थांबतात. मधल्या शांततेत स्टुडिओ रिकामा झाल्यासारखा वाटतो. हा भाग बँडला शिकवताना मला नेहमी दिसते की वाजवणाऱ्यांना खरी अडचण वेगाची येत नाही, ती एकत्र थांबण्याची येते. गाण्याचा गाभा तिथे आहे, आणि तो मोठ्या जॅझ ताफ्याच्या शिस्तीतून आला आहे. त्यातला जडपणा हे त्या गाण्याचे एक साधन आहे. सॅबथमध्ये जडपणा हेच गाणे आहे. म्हणून मी त्याला पहिले मेटल गाणे म्हणणार नाही. पुढे मेटलवाल्यांनी त्याला आपले मानले, सॅबथचे गायक ऑझी ऑस्बर्न यांनी 2005 मध्ये ते स्वतः गायले, हा त्या गाण्याचा मान आहे. त्याने जन्माचा निकाल लागत नाही. आणि आधी कोण जड वाजवत होते एवढेच विचारायचे असेल, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्लू चीअरचा पहिला अल्बम जानेवारी 1968 चा आहे, आणि त्यात प्रोगचा मागमूसही नाही.

माझ्या मताला सर्वात मोठा अपवाद डीप पर्पलचा आहे, आणि तिथे वाचकाचे म्हणणे बरेच खरे ठरते. या बँडचे सुरुवातीचे अल्बम व्हॅनिला फज या अमेरिकी बँडच्या धर्तीवर, म्हणजे ऑर्गनने भारलेले, ताणलेले आणि नाट्यमय होते. 1969 च्या तिसऱ्या अल्बममधले ‘एप्रिल’ बारा मिनिटांचे आहे आणि त्याच्या मधल्या भागात बँड गप्प राहून वाद्यवृंद वाजतो. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी माल्कम आर्नल्ड यांच्या संचालनाखाली रॉयल फिलहार्मोनिकबरोबर आपले ऑर्गनवादक जॉन लॉर्ड यांचा ‘कन्सर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा’ सादर केला. याहून अधिक प्रोग काय असू शकते? आणि याच बँडने जून 1970 मध्ये ‘इन रॉक’ काढला. गिटारवादक रिची ब्लॅकमोर यांना वाद्यवृंदाचा मार्ग नको होता, पुढचा अल्बम निखळ कठोर रॉकचा हवा असा त्यांचा आग्रह होता, आणि लॉर्ड यांनी तो मानला. पण मानताना त्यांनी आपले शिक्षण टाकून दिले नाही. त्यांनी हॅमंड ऑर्गन मार्शल ॲम्प्लिफायरमधून वाजवला, त्यामुळे तो दुसऱ्या गिटारसारखा खरखरीत झाला. प्रोगचे लाडके वाद्य मेटलच्या ध्वनीत असे शिरले.

‘इन रॉक’मधल्या ‘चाइल्ड इन टाइम’ची कथा तर आपल्या वाचकांना विशेष जवळची वाटेल. त्या दहा मिनिटांच्या गाण्याची मूळ सुरावट ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडच्या, व्हायोलिन पुढे असलेल्या एका रचनेतून घेतलेली आहे, आणि त्या रचनेचे नाव आहे ‘बॉम्बे कॉलिंग’. पर्पलचे गायक इयन गिलन यांनी हे उघडपणे सांगितले आहे. पर्पलने ती सुरावट संथ केली, ऑर्गनवर आणली, आणि गिलन यांनी तिच्यावर त्या प्रसिद्ध किंकाळ्या चढवल्या, ज्यांचा वारसा पुढे कित्येक मेटल गायकांनी चालवला. अर्थात मुंबईचा संबंध नावापुरताच आहे, पण सायकेडेलिक संगीतातून एकच धागा प्रोगसारख्या लांबलचक बांधणीत आणि मेटलसारख्या गळ्यात कसा जातो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. तेव्हा पर्पलला तुम्ही मेटलच्या संस्थापकांत धरत असाल, तर प्रोगचा वाटा मान्य करावाच लागेल. धरत नसाल, तर तो बराच आटतो.

स्वरांपलीकडचा प्रभावही असतो, आणि तो मोजायचा विसरू नये. त्या काळात ही सगळी मंडळी एकाच वर्तुळात फिरत होती. बर्मिंगहॅमच्या अर्डिंग्टन भागातल्या ‘मदर्स’ या क्लबमध्ये पिंक फ्लॉइड वाजत, त्यांच्या 1969 च्या ‘उम्मागुम्मा’चा काही भाग तिथेच ध्वनिमुद्रित झाला, आणि ब्लॅक सॅबथही त्याच मंचावर उभे राहत. सॅबथची रेकॉर्ड ज्या व्हर्टिगो लेबलवर निघाली ते लेबल मुळात अशाच नव्या, प्रयोगशील संगीतासाठी काढलेले होते. त्याच्यावर कोलोसियम, जेंटल जायंट आणि युराया हीप होते. सॅबथ हा वेगळ्या जातीचा बँड आहे असे तेव्हा कोणी मानत नव्हते. अशा लेबलमुळे दहा-दहा मिनिटांचे गाणे कापून न टाकता छापले जाण्याची मोकळीक मिळाली, आणि ती मोकळीक प्रोगच्या श्रोत्याने निर्माण केलेली होती.

डिसेंबर 1968 मध्ये आयोमी काही काळ जेथ्रो टलमध्येही होते. रोलिंग स्टोन्सच्या ‘रॉक अँड रोल सर्कस’मध्ये ते टलबरोबर दिसतात. ते लवकरच परत आले, आणि त्यांनी स्वतः सांगितले आहे की टलचे प्रमुख इयन अँडरसन यांच्याकडून ते एकच गोष्ट शिकून आले: सकाळी वेळेवर तालमीला बसायचे आणि नोकरीसारखे काम करायचे. हा प्रभाव मी लहान मानत नाही. ज्यांनी बँड चालवला आहे त्यांना ठाऊक असते की तालमीची शिस्त नसेल तर चांगले रिफ खोलीतच मरतात. पण सॅबथच्या संगीतात टलची बासरी, लोकसंगीत किंवा तिरकस लय आली नाही. याच्या उलट टोकाचे उदाहरण बासवादक लेमी यांचे: ते 1971 ते 1975 प्रोगच्या वर्तुळातल्या हॉकविंड या बँडमध्ये होते, तिथून काढले गेल्यावर त्यांनी मोटरहेड काढला, आणि त्या बँडचे नावही त्यांनी हॉकविंडसाठी लिहिलेल्या गाण्याचेच आहे, तरी मोटरहेडइतके प्रोगपासून दूर असलेले संगीत शोधून सापडणार नाही. माणसे इकडून तिकडे गेली म्हणजे संगीतही गेले, असे गृहीत धरता येत नाही.

इथवरचा हिशेब असा: 1970 च्या जन्मात स्वर आणि ध्वनी प्रोगकडून आलेले नाहीत, बांधणी थोडी आणि मुख्यतः पर्पलच्या बाजूने आलेली आहे, आणि मोकळीक, श्रोता व शिस्त मात्र बऱ्यापैकी आलेली आहे.

खरा प्रभाव दिसतो तो नंतर, आणि शिकवताना तो मला रोज दिसतो. सॅबथपासून सुरुवात करणारा विद्यार्थी जेव्हा आयर्न मेडनच्या 1980 च्या पहिल्या अल्बममधल्या ‘फँटम ऑफ दि ऑपेरा’कडे येतो तेव्हा त्याची अडचणच बदलते. तोवर तो बोटांशी झगडत असतो. इथे त्याला पुढे काय येते हेच आठवत नाही. सात मिनिटांच्या त्या गाण्यात एकामागून एक नवे भाग येतात, लय मोडते, मध्ये सगळे शांत होऊन बास एकटा नवी आकृती मांडतो, आणि सुरुवातीचा भाग परत भेटेपर्यंत बरेच काही घडून गेलेले असते. मी अशा वेळी विद्यार्थ्याला गाण्याचे भाग कागदावर लिहून काढायला लावतो, जे सॅबथच्या बहुतेक गाण्यांसाठी कधी करावे लागत नाही. ही बांधणी ब्लूजची नाही आणि सॅबथचीही नाही. ती जेनेसिस आणि जेथ्रो टल या प्रोग बँडची आहे, आणि मेडनचे स्टीव्ह हॅरिस यांनी या दोन्ही बँडवरचे आपले प्रेम कधीच लपवलेले नाही. 1983 मध्ये त्यांनी टलचे ‘क्रॉस-आइड मेरी’ ‘द ट्रूपर’च्या मागच्या बाजूला वाजवले, आणि 1984 मध्ये ‘राइम ऑफ दि एन्शंट मरिनर’ हे तेरा मिनिटांहून मोठे गाणे केले. जुडास प्रीस्टने 1976 च्या ‘व्हिक्टिम ऑफ चेंजेस’मध्ये दोन गाणी जोडून जवळजवळ आठ मिनिटांचा एक अखंड प्रवास उभा केला, तो याच वळणावरचा.

याच काळात गळलेला गंधारही परत आला, आणि तो कसा परत आला हे पाहण्यासारखे आहे. एकाच गिटारवर डिस्टॉर्शनमध्ये सा-ग वाजवला तर तो गढूळ होतो. पण दोन गिटारवादकांनी दोन वेगळ्या ॲम्प्लिफायरमधून एकेकच स्वर वाजवला, एकाने सा आणि दुसऱ्याने गंधार, तर ते स्वर एकाच ॲम्प्लिफायरमध्ये मिसळतच नाहीत, आणि दोन्ही लख्ख ऐकू येतात. विशबोन ॲश या प्रोगच्या सीमेवरच्या बँडने 1972 च्या ‘आर्गस’मध्ये ही जोडगिटार फार देखणेपणाने वापरली, थिन लिझीने ती गाण्याच्या मुखड्यात आणली, आणि मेडनने ती मेटलची ओळख करून टाकली. माझ्या वर्गात दोन मुलांना हे एकाच ॲम्प्लिफायरमधून आणि मग दोन ॲम्प्लिफायरमधून वाजवायला लावले की फरक कानांना क्षणात कळतो. मेटलला स्वरसंगती परत मिळाली ती अशी, आणि इथे प्रोगच्या परिसराचे ऋण स्पष्ट आहे.

एक शेवटची गोष्ट, जी या वादात सहसा कोणी मांडत नाही: ही देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. किंग क्रिम्सनने 1974 मध्ये ‘रेड’ काढला तेव्हा मुख्यतः गिटार, बास आणि ड्रम यांवर उभे असलेले ते शीर्षकवादन 1969 च्या क्रिम्सनपेक्षा मेटलच्या कितीतरी जवळ होते. कॅनडाच्या रशचा प्रवास तर पूर्ण उलटा आहे. 1974 च्या पहिल्या अल्बममध्ये ते लेड झेपेलिनच्या वळणाचा कठोर रॉक वाजवतात, मग नील पर्ट ड्रमवर येतात, आणि 1976 मध्ये ‘2112’ची संपूर्ण एक बाजू व्यापणारी वीस मिनिटांची रचना होते. म्हणजे जड संगीतातून निघालेला बँड प्रोगपर्यंत गेला, आणि पुढच्या पिढीच्या मेटलवाल्यांनी प्रोग शिकले ते मोठ्या प्रमाणात त्याच्याकडून. म्हणून 1980 च्या दशकानंतरच्या मेटलमध्ये प्रोगचा जो अंश दिसतो, तो थेट क्रिम्सन-जेनेसिसकडून किती आला आणि रशच्या मार्गाने किती, हे बँडगणिक वेगळे तपासावे लागते. प्रोग आणि मेटल मिसळणाऱ्या ड्रीम थिएटरच्या बाबतीत तरी शंका राहत नाही: या बँडचे सुरुवातीचे नाव ‘मॅजेस्टी’ होते, आणि ते रशच्या ‘बॅस्टील डे’ या गाण्याच्या भव्य शेवटावरून सुचलेले होते.